टंचाई हातांची की भरवशाची?

सन २०२० च्या मार्च महिन्यात आमच्या शाळेच्या मागील अंगणात दोन नव्या वर्गखोल्यांचे काम चालू होते. भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत चढल्या होत्या. वाळूखडीचे ढीग पडले होते. कडेला पत्र्याच्या खोपटांत दहाबारा कामकरी राहत होते. टाळेबंदी जाहीर झाली आणि काम जेथल्या तेथे थांबले. पुढे पावसाळा आला. भिंतींवर शेवाळ चढले, सळयांस गंज लागला, वाळू ओघळून गेली. यथावकाश बांधकामास परवानगी मिळाली, सिमेंट मिळू लागले, पैशाचीही कशीबशी तजवीज झाली. परंतु काम काही सुरू होईना. कंत्राटदारास विचारावे, तर त्याचे ठरलेले उत्तर येई, "काय करू साहेब, माणसेच नाहीत."

हे उत्तर त्या वर्षी आम्ही कितीतरी जणांच्या तोंडून ऐकिले. कारखानदार तेच म्हणे, खानावळवाला तेच म्हणे, कोकणातील बागाईतदारही तेच म्हणे. आज शाळेत असलेल्या मुलांस ते दिवस अंधुकसे आठवत असतील. त्यांच्या पालकांस मात्र ते चांगलेच आठवतात. त्या टंचाईचे कारण काय, असे विचारता पुष्कळ शहाणीसुरती माणसे सांगत की, लोक आळशी झाले आहेत. सरकार फुकट धान्य देते, मग काम कोण करतो? आमचे मत ह्याहून निराळे आहे, आणि ते वाचकांपुढे मांडावे एवढ्याचसाठी हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: माणसे कोठेही नाहीशी झाली नव्हती. नाहीसा झाला होता तो भरवसा. आणि भरवसा ही वस्तू बाजारात रोख पैशाने तत्काळ मिळत नाही.

ह्या गोष्टीचा पडताळा घेण्यासाठी प्रथम आपल्याच प्रांताच्या इतिहासाचे एक पान उलटून पाहू. सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेगचे रोगी ओळखिले. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. रोगाचे भय तर होतेच. परंतु रोग्यास घरातून उचलून रुग्णालयात नेण्याच्या सक्तीचे भय त्याहूनही दारुण होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला चढविला, तो ह्याच भयापोटी. मग लोकांनी मुंबई सोडण्यास आरंभ केला. आगबोटी भरभरून माणसे कोकणात उतरली. रेल्वेने आणि पायी घाटावर गेली. सन १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. तिच्यापैकी सुमारे चार लाख माणसे १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहर सोडून गेली होती. निम्मे शहर रिकामे झाले!

आता पुढे काय घडले ते पाहावे. गिरण्यांची यंत्रे होती, कापूस होता, भांडवल होते. चात्यांवर हात मात्र नव्हते. त्या काळी गिरण्यांत पगार महिन्याचा असे आणि तोही हातात पडण्यास पुढच्या महिन्याचे बरेच दिवस लोटत. म्हणजे कामकऱ्याचा घाम मालकाच्या पेढीवर नेहमीच जमा असे. प्लेगच्या दिवसांत हा व्यवहार उलटला. उद्या आपण जिवंत असू की नाही हे ज्यास ठाऊक नाही, तो महिनाभर उधारीवर राबावयाचा नाही. कामकऱ्यांनी रोजचा पैसा रोज मागितला आणि मालकांस तो द्यावा लागला. एका गिरणीचे लोक दुसरी गिरणी रस्त्याच्या नाक्यावर जादा दर बोलून पळवू लागली. जणू हातांचा लिलावच मांडला गेला! मालकांनी आपसांत करार करून हे थांबविण्याची खटपट केली. परंतु ज्यास आज हात हवे होते, तो उद्याच्या कराराची पर्वा कशास करील? पुढे माणसे परतली, आणि हातांची वाण सरताच मासिक पगाराची जुनी वहिवाटही परतली. १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला खरा. तरी १९०१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ७,७६,००६, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षाही कमीच भरली.

ह्याहूनही जुना दाखला इतिहासाच्या पुस्तकात मुलांस सापडेल. सन १३४८-४९ मध्ये इंग्लंडात आलेल्या काळ्या मृत्यूने तेथील निदान तिसरा हिस्सा लोक नाहीसे केले. उरलेल्यांनी वाढीव मजुरी मागितली, तेव्हा राजाने १३४९ साली हुकूम काढिला आणि १३५१ साली पार्लमेंटने कायदा केला की, साथीपूर्वीच्या दरानेच सर्वांनी काम करावे. कायदा झाला, दंड झाले, शिक्षाही झाल्या. परंतु मजुरी वाढावयाची ती वाढतच गेली, आणि मनात साठलेला संताप इतर कारणांशी मिळून १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात बाहेर पडला. साथीनंतर हातांस जी किंमत येते, ती हुकुमाने खाली आणिता येत नाही, हा त्यातील बोध होय.

हे दोन दाखले मनात ठेवून आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या प्रसंगाकडे वळू. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी सांगितले की, मध्यरात्रीपासून सारा देश एकवीस दिवस बंद राहील. मध्ये अवघे चार तास होते. साथ आवरण्यासाठी बंदीची गरज होती की नव्हती, ह्या वादात आम्ही शिरत नाही. तो वैद्यांचा विषय आहे. परंतु ज्याचे पोट रोजच्या रोजीवर आहे, ज्याची शिधापत्रिका शेकडो कोसांवरील गावच्या दुकानाशी बांधलेली आहे आणि ज्याचे बिऱ्हाड म्हणजे कामावरचेच खोपट, त्याने एकवीस दिवस काय खावे, ह्याचा विचार त्या चार तासांत कोणी करावयाचा होता? ही एकवीस दिवसांची मुदत पुढे ३ मे पर्यंत, मग १७ मे पर्यंत, मग ३१ मे पर्यंत लांबत गेली.

माणसे चालू लागली. मुंबईहून नाशिकच्या वाटेने, पुण्याहून, सुरतेहून, दिल्लीहून. डोक्यावर बोचके, कडेवर मूल. साखर कारखान्यांच्या आवारांत बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील एक लाखाहून अधिक ऊसतोड कामगार अडकून पडले होते; त्यांस एप्रिलच्या मध्यानंतर गावी जाऊ देण्यात आले. परप्रांतीयांसाठी पहिली श्रमिक रेलगाडी १ मे रोजी, म्हणजे कामगारदिनी सुटली. पुढे अशा चार हजारांहून अधिक गाड्यांतून सुमारे ६३ लक्ष लोक गेले. आणि रस्त्याने गेलेले धरून एक कोटीहून अधिक कामकरी आपापल्या राज्यांत परतल्याचे सरकारने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संसदेत सांगितले.

ह्यांत एक प्रसंग महाराष्ट्राच्या भूमीवर घडला, तो आम्हांस विसरता येत नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातील काही कामकरी भुसावळकडून गाडी मिळेल ह्या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाले. रात्री थकून, गाड्या बंद आहेत अशा समजुतीने, ते करमाडजवळ रुळांवरच निजले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडी आली आणि त्यांतील सोळा जण गेले. रुळांवर त्यांच्या शिदोरीच्या भाकऱ्या पसरल्या होत्या. ती छायाचित्रे देशाने पाहिली. ती पाहून घरी पोहोचलेल्या दुसऱ्या कोणा कामकऱ्याच्या आईने आपल्या मुलास काय सांगितले असेल, ह्याची कल्पना वाचकांनी करावी. "जगलास तर मीठभाकर खाऊ, पण आता जाऊ नको," असेच तिने म्हटले नसेल काय?

कामकरी गावी पोहोचले, आणि मग शहरांस जाग आली. जूनमध्ये पंजाबात भाताची लावणी सुरू झाली, तो बिहार आणि उत्तर प्रदेशातील मजूर नाहीत. लावणीचा एकरी दर दीडपट-दुप्पट झाला. पुष्कळ शेतकऱ्यांनी रोपे न लाविता थेट बी पेरिले. कित्येकांनी मजूर आणण्यासाठी बिहारात मोटारी धाडिल्या. बांधकामवाल्यांनीही गाड्या पाठविल्या, आगाऊ पैसे देऊ केले. ज्यांस मे महिन्यात चालत जाऊ दिले, त्यांस जुलैत वाहने धाडून बोलाविण्याची पाळी आली!

एक हात थांबला म्हणजे किती चाके थांबतात, हेही त्या वेळी दिसून आले. गवंडी नाही म्हणून विटा पडून. विटा पडून म्हणून वीटभट्टी थंड. सिमेंटला उठाव नाही म्हणून मालमोटार उभी. मालमोटार उभी म्हणून रस्त्यावरची चहाची टपरी बंद. आणि टपरीवाल्याच्या पोराची फी थकलेली. शहरातून दरमहा गावी जाणारा पैसा आटला, त्यामुळे गावच्या वाण्याची उधारी तुंबली ती निराळीच. २०२० च्या एप्रिल ते जून ह्या तिमाहीत देशाचे एकंदर उत्पादन मागील वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा जवळजवळ चतुर्थांशाने घटले. बांधकाम तर निम्म्यावर आले. वाढली ती एकटी शेती. अडल्या वेळी कोट्यवधी लेकरांस पोटाशी धरिले ते जमिनीने.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नव्हे. इंग्लंडात २०२१ साली मालमोटारी हाकणारांची अशी वाण पडली की, पेट्रोलसाठी रांगा लागल्या आणि ऑक्टोबरात सैनिकांस टँकर हाकावे लागले. अमेरिकेत त्याच वर्षी चार कोटींहून अधिक वेळा लोकांनी आपण होऊन नोकऱ्या सोडिल्या. देश श्रीमंत असो की गरीब, संकटात ज्यास आपण एकटे आहोत असे कळून चुकते, तो संकट सरल्यावर जुन्या जागी मुकाट्याने परत येत नाही.

आता आमच्या मतावर जे आक्षेप येतात, त्यांचा विचार करणे न्यायाचे होईल. पहिला आक्षेप आळसाचा. एप्रिल २०२० पासून माणशी दरमहा पाच किलो धान्य फुकट मिळू लागले हे खरे. परंतु पाच किलो धान्यात तेल, मीठ, औषध आणि मुलांची पुस्तके येत नाहीत. शिवाय जे आळशी झाले म्हणतात, त्यांनी गावी जाऊन काय केले? राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेत २०२०-२१ साली सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचे काम झाले. योजना सुरू झाल्यापासून तोवर एवढे काम कोणत्याही वर्षी झाले नव्हते. मागणी एवढी होती की, अंदाजपत्रकातील ६१,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीवर आणखी ४०,००० कोटी रुपये घालावे लागले. भर उन्हात शहराहून कमी रोजावर माती खणणाऱ्या मनुष्यास आळशी कोण म्हणेल? त्यास काम हवे होते. मात्र ते संध्याकाळी आपल्या उंबऱ्यात परत येता येईल असे हवे होते.

दुसरा आक्षेप असा की, मालकाने तरी काय करावे? कारखाना बंद, माल पडून, बँकेचा हप्ता चालू; बसल्या जागी पगार कोठून देणार? हा आक्षेप खोटा नाही. दहा माणसांची कार्यशाळा चालविणारा लहान कारखानदार हाही त्या वर्षी पुरता पिचला, आणि कित्येकांनी कायमचे टाळे लाविले. परंतु पूर्ण पगार देणे आणि पाठ फिरविणे, ह्या दोहोंच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. मागील थकबाकी चुकती करणे, शिध्याची सोय पाहणे, गावी सुखरूप पोहोचलास का म्हणून विचारणे, ह्यास फार मोठे भांडवल लागत नाही. दिल्लीनजीकच्या एका अळंबी पिकविणाऱ्या शेतकऱ्याची हकीकत त्या वेळी वर्तमानपत्रांत आली होती. त्याने मे महिन्यात आपल्या दहा कामकऱ्यांस स्वखर्चाने विमानाने बिहारात घरी धाडिले. आणि ऑगस्टात हंगामाच्या तोंडावर पुन्हा तिकिटे काढून माणसांस बोलाविले. इतर ठिकाणी मुकादम गावोगाव हिंडून थकत होते, त्या दिवसांत ह्याचे काम अडले नाही. हा चमत्कार नव्हे. ही पेरल्याची उगवण होय.

तेव्हा पुढील साथीपूर्वी, मग ती केव्हा का येईना, काय करावे? सरकारने काही पावले टाकिली आहेत. शिधापत्रिका देशात कोठेही चालावी ही योजना सर्व राज्यांनी ३१ जुलै २०२१ पर्यंत अमलात आणावी, असे सर्वोच्च न्यायालयाने फर्माविले; असंघटित कामकऱ्यांची नोंद ठेवण्यासाठी ई-श्रम ही व्यवस्था २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाली. हे योग्यच झाले. परंतु नुसता कायदा पुरत नाही. परप्रांतीय कामकऱ्यांच्या रक्षणासाठी १९७९ सालीच कायदा झाला होता. त्यात नोंदणीची, राहण्याच्या जागेची, प्रवासभाड्याची सारी कलमे होती. चाळीस वर्षांनंतर प्रसंग ओढवला, तेव्हा किती कामकरी कोणत्या गावचे आणि कोठे आहेत, ह्याची यादीच कोणापाशी नव्हती. कायदा कपाटात होता आणि माणसे रस्त्यावर!

म्हणून आम्ही सरकारास जितके सांगू इच्छितो, त्याहून अधिक स्वतःस आणि आमच्या वाचकांस सांगू इच्छितो. पालकहो, आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईस त्या बंद महिन्यांचे पैसे मिळाले काय? पुष्कळ घरांनी ते दिले, हे आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यांचे कौतुक वाटते. पण "काम नाही तर दाम नाही" असे म्हणून ज्यांनी दार लाविले, त्यांनी पुढे "बाया मिळत नाहीत हो" अशी तक्रार करू नये. विद्यार्थ्यांनीही एक गोष्ट मनात धरावी. आपल्या बाकावरचा एखादा सोबती गवंड्याचा, हमालाचा, ऊसतोड कामगाराचा मुलगा असेल. २०२० साली आमच्या पटावरील काही मुले आईबापांबरोबर गावी गेली ती परत आली नाहीत. त्यांची नावे काही महिने हजेरीत पुकारली जात होती, पुढे ती गळाली. कारखान्यास हातांची टंचाई भासली, तिचा बोभाटा झाला. शाळेस ती मुले अंतरली, ह्याची नोंद कोणत्या जमाखर्चात होणार? हातांनी काम करणाराची मुले आपल्याबरोबर शिकतात, ही आपल्या शाळेची शोभा आहे. त्यांच्या वडिलांस "अरे" म्हणून हाक मारण्याची सवय ज्याने बाळपणी लावून घेतली नाही, तो मोठेपणी मालक झाला तरी कामकऱ्यास संकटात सोडणार नाही, अशी आमची खात्री आहे.

आता मागील अंगणातील त्या भिंतींकडे परत जाऊ. कंत्राटदाराकडे हेलपाटे घालून आम्ही थकलो, तेव्हा शेवटी त्यास म्हटले की, त्या माणसांची नावे आणि गावे तरी सांगा, आम्हीच निरोप पाठवितो. त्याच्यापाशी मुकादमाचे तेवढे नाव होते. मग आम्ही आमच्या वह्या चाळल्या. विटांचा हिशोब होता, सळयांचा होता, वाळूच्या फेऱ्यांचाही होता. चार महिने आमच्या अंगणात राबलेल्या त्या दहाबारा माणसांपैकी एकाचेही नाव आमच्या दप्तरी नव्हते. मार्चमध्ये त्यांची पंधरवड्याची मजुरी कंत्राटदाराकडे अडकली होती, हेही आम्हांस तेव्हाच प्रथम कळले. कारण आम्ही विचारिलेच नव्हते. दोष कंत्राटदाराचा होता आणि आमचाही होता. ती बाकी मुकादमाच्या हाती पोहोचती केली, त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पाच माणसे आली. बाकीची आली नाहीत, आणि त्यांस बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

त्या दोन खोल्यांत आज वर्ग भरतात. पुढे शाळेत कोणतेही काम निघाले की, पहिल्या दिवशी एक वही उघडावयाची, तीत प्रत्येक कामकऱ्याचे नाव, गाव आणि घरच्या मनुष्याचा दूरध्वनी लिहावयाचा, आणि मजुरी पोहोचली की नाही हे आठवड्यास त्यासच विचारावयाचे, असा नियम आम्ही केला आहे. नियम लहान आहे. परंतु हजारो शाळांनी, दुकानांनी आणि घरांनी तो पाळिला, तर पुढच्या संकटात माणसांस रुळांवरून चालत जावे लागणार नाही, आणि संकट सरल्यावर "माणसे नाहीत" अशी ओरड करण्याची वेळही आपणांवर येणार नाही.